मी कंपाकडे पाहत राहिले

माझ्या उजव्या हाताला कंप सुटला, त्याच्या किमान दोन वर्षे आधी माझे अक्षर लहान होऊ लागले होते, हे मला फार उशिरा कळले. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले. दुसऱ्याच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार किंवा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ माझ्या नजरेतून सहसा सुटत नसे. पण त्याच मजकुराच्या समासात मी लिहीत असलेल्या दुरुस्त्या ओळीच्या शेवटाकडे बारीक होत चालल्या आहेत, शिरोरेषा तिरकी होते आहे आणि काना-मात्रा एकमेकांना चिकटत आहेत, हे मला दिसले नाही. एका सहकाऱ्याने ‘ताई, तुमच्या दुरुस्त्या आता भिंगातून वाचाव्या लागतात’ असे सांगितले, तेव्हा त्याच्याच चष्म्याचा नंबर वाढला असेल असे म्हणून मी तो विषय मिटवला. पुढे टेबलावर स्वस्थ ठेवलेल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप गोळी वळल्यासारखी हलू लागली, तेव्हा मात्र डॉक्टरांकडे जाणे टाळता आले नाही.

ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या हकिकतीत मी तीच चूक पुन्हा एकदा केली.

निदान झाले तेव्हा मी ५९ वर्षांची होते. पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, या आजारात मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि हालचालींतली लक्षणे उघड होईपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यावर उपाय असा नव्हताच. आज लेव्होडोपाची गोळी आहे आणि पहिली चार वर्षे तिने मला उत्तम साथ दिली. पाचव्या वर्षापासून तिचा अंमल पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच उतरू लागला. या अवस्थेला आम्ही ‘ऑफ’ म्हणतो. आमच्या मंडळींत आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत आहे, आणि ‘ऑफ’मध्ये शुभार्थीपेक्षा शुभंकरालाच जास्त धावपळ करावी लागते. रात्री कूस बदलायची झाली तरी मला माझ्या पतींना उठवावे लागे. सदऱ्याचे बटण, पांघरुणाचे टोक, खुर्चीतून उठणे या सगळ्यांत कंपाचा फारसा संबंध नव्हता. हालचाल सुरूच होत नसे, किंवा सुरू होऊन अर्ध्यावर विझत असे. तरीही मला कोणी ‘कसं काय?’ विचारले, की मी हात पुढे करून कंपच दाखवीत असे.

डॉक्टरांनी मेंदूच्या चुंबकीय उद्दीपनाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितले, तेव्हा माझा पहिला प्रश्न तोच होता: कंप थांबेल का? त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटले नाही, ‘हो’ही म्हटले नाही. मंदपणावर आणि चालण्यावर काहीसा परिणाम दिसल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, कंपाबद्दल तितक्या खात्रीने बोलता येत नाही, एवढेच ते म्हणाले. मी त्यातले ‘परिणाम दिसला आहे’ एवढेच ऐकले.

डोक्याला छिद्र पाडून मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी करून घेतली होती आणि त्यांना तिचा उत्तम उपयोग झाला होता. पण माझी अवस्था अजून त्या टप्प्याला आलेली नाही, असे माझ्या डॉक्टरांचे मत होते आणि खरे सांगायचे तर मला तिची भीतीही वाटत होती. चुंबकीय उद्दीपनात कापाकापी नाही, भूल नाही, रुग्णालयात मुक्काम नाही. ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन हे त्याचे लांबलचक नाव. सगळे जण टीएमएस म्हणतात. कवटीवर टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडायचा, त्यामुळे तितकेच क्षणिक चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ते कवटीतून विनासायास आरपार जाते आणि खालच्या मेंदूत पुन्हा सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले आणि शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. या पद्धतीने माणसाच्या मेंदूचे उद्दीपन करणारे यंत्र अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे १९८५ साली तयार केले. अशा प्रत्येक झटक्याची, म्हणजे स्पंदाची, तीव्रता एक-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या चुंबकाच्या तोडीची असते, पण ती टिकते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ.

मुद्रितशोधकाची खोड जात नाही. संमतिपत्र मी पेन्सिल हातात घेऊन वाचले आणि तिसऱ्या पानावर अडले. आजार आहे मध्यमेंदूत, अगदी खोल, आणि हे चुंबकीय क्षेत्र तर पृष्ठभागापासून फार तर दोन-तीन सेंटिमीटर आत पोहोचते. मग उपयोग कसा होणार? मी हे विचारल्यावर डॉक्टरांनी माझ्याच पेन्सिलीने समासात एक वर्तुळ काढले. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींची आज्ञा देणारा पट्टा आहे, त्याला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. तो खोलवरच्या केंद्रांशी एका साखळीने जोडलेला आहे. संदेश वरून खाली जातात आणि फिरून वर येतात. साखळीची एक कडी वरून हलवली तर खालच्या कड्यांनाही हिसका बसतो. मॉन्ट्रिअलमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या मोटर कॉर्टेक्सवर असे उद्दीपन करून पाहिले, तेव्हा त्याच बाजूच्या खोल भागात डोपामिन स्रवल्याचे पेट-स्कॅनमध्ये दिसले होते; ते संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. नष्ट झालेल्या पेशी यामुळे परत येत नाहीत, आजाराची वाटचाल थांबते असेही कोणी दाखवलेले नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना ते माझ्याकडे न पाहता माझ्या पतींकडे पाहत होते.

संमतिपत्रातला दुसरा मुद्दा मला अधिक टोचला. निम्म्या लोकांना खरे उद्दीपन मिळणार होते आणि निम्म्यांना लुटुपुटूचे. लुटुपुटूची कॉइल दिसायला तशीच, तसाच टकटक आवाज करणारी आणि टाळूला तशीच टिचकी मारणारी, पण मेंदूपर्यंत काही न पोहोचवणारी. कोणाला काय मिळते आहे हे मला, माझ्या पतींना आणि मोजमाप करणाऱ्या डॉक्टरांना कळणार नव्हते. एवढा खटाटोप कशाला, असे पतींनी विचारले. पार्किन्सन्समध्ये तो अधिकच लागतो, असे उत्तर मिळाले आणि त्यामागचे कारण ऐकून मी चकित झाले. आपल्याला औषध मिळाले आहे अशा नुसत्या अपेक्षेनेही पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत खरेखुरे डोपामिन स्रवते, हे २००१ साली स्कॅनच्या आधारे दाखवले गेले आहे, आणि लुटुपुटूच्या चुंबकीय उद्दीपनानेही तसेच होते हे पुढे २००६ साली दिसले. म्हणजे इतर आजारांत ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारता येणारी गोष्ट या आजारात ज्या रसायनाची उणीव आहे नेमके तेच रसायन निर्माण करते. बरे वाटले म्हणजे उपचार लागू पडला, असे आमच्या बाबतीत म्हणताच येत नाही.

पात्रतेची तपासणी कसून झाली. डोक्यात कुठे धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, पूर्वी कधी फिट, घरात कोणाला अपस्मार, सध्या कोणकोणत्या गोळ्या, झोप कशी, असे सगळे विचारून झाले. टीएमएसमुळे फिट येण्याचा धोका अगदी थोडा असला तरी तो शून्य नाही, म्हणून आदल्या रात्री पुरेशी झोप घेण्याची सूचना होती. कूससुद्धा दुसऱ्याच्या मदतीने बदलणाऱ्या बाईला ही सूचना देणाऱ्याचे मला थोडे हसू आले.

पहिले मोजमाप ‘ऑफ’मध्ये होते. आदल्या संध्याकाळची गोळी घेतल्यानंतर बारा तास काहीही घ्यायचे नाही आणि सकाळी तसेच यायचे. त्या सकाळचा प्रवास मला आठवतो तो मुख्यतः दारांमुळे. मोकळ्या जागेत माझे पाय कसेबसे चालत. पण दाराची चौकट आली की तळवे जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे जागच्या जागी थांबत. गाडीतून उतरून तपासणीच्या खोलीपर्यंत चार दारे होती. प्रत्येक दाराशी पतींनी स्वतःचे पाऊल माझ्या पावलासमोर आडवे ठेवायचे आणि मी ते ओलांडायचे, अशी आमची युक्ती होती. ओलांडायला काही समोर असले की पाऊल उचलले जाते, हे या आजारातले एक नवलच आहे.

मोजमापाला एमडीएस-यूपीडीआरएस नावाची श्रेणी वापरतात. तिच्या तिसऱ्या भागात हालचालींची ३३ गुणांकने असतात, प्रत्येकाला शून्य ते चार, म्हणजे जास्तीत जास्त १३२. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. अंगठ्यावर तर्जनी जितकी मोठी उघडता येईल तितकी उघडून वेगाने दहा वेळा टेकवायची, मूठ उघडायची-मिटायची, टाच आपटायची, हाताची घडी घालून खुर्चीतून उठायचे, असे एकेक करून घेतात. मागून खांद्यांना धरून अचानक ओढतात, तोल जातो का ते पाहायला. माझी बोटे पहिल्या तीन वेळा नीट उघडली, चौथ्यापासून अंतर कमी होत गेले आणि आठव्याला ती एकमेकांना चिकटून थरथरत राहिली. अगदी माझ्या अक्षरासारखे. मग एक वाक्य लिहायला सांगितले, एक चक्राकार रेघ काढायला सांगितली आणि खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला लागणारा वेळ मोजला. सगळ्याचे चित्रण झाले. माझे गुण झाले ३८, आणि ते उठून-चालून-बसणे २१ सेकंदांचे.

दुसऱ्या दिवशी ‘उंबरठा’ शोधला. हे काम करणारी तंत्रज्ञ मुलगी पंचविशीची असेल. पहिल्याच दिवशी तिने मला ‘काकू’ करून टाकले. तिने माझ्या डोक्यावर पोहायची घट्ट टोपी चढवली, नाकाच्या मुळापासून मानेच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फितीने मापे घेऊन टोपीवर पेनाने खुणा केल्या आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर दोन इलेक्ट्रोड चिकटवले. आठच्या आकड्याच्या आकाराची कॉइल तिने डाव्या बाजूला टेकवली. टक्! मी काहीही न करता माझी उजवी तर्जनी उडाली. इतकी वर्षे माझे बोट माझ्या मनाविरुद्ध हलत होते, त्याची मला सवय झाली होती. पण कोणा दुसऱ्याने बाहेरून कळ दाबावी आणि ते हलावे, हा अनुभव विलक्षण होता. त्यातही ते उडणे चपळ होते. मी स्वतः हलवते तेव्हा ते बोट इतक्या झटकन कधीच हलत नाही. मज्जातंतू शाबूत आहे, स्नायू शाबूत आहे, आज्ञा मिळाली तर बोट तिशीतल्यासारखे उडते. अडचण आज्ञेच्या मागे कुठेतरी आहे, हे दहा व्याख्यानांनी कळले नसते ते मला त्या एका टिचकीने कळले.

मग तीव्रता कमी-कमी करत, दहांपैकी पाच वेळा स्नायू जेमतेम, म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट इतका, प्रतिसाद देईल अशी पातळी शोधायची असते; तोच उंबरठा. त्यासाठी हात पूर्ण सैल हवा. माझा हात सैल सोडला की कंप सुरू होत असे आणि पडद्यावरची रेघ समुद्रासारखी उसळत असे. ‘काकू, हाताकडे बघू नका, समोर खिडकीकडे बघा,’ असे ती सांगे. हे तिचे सांगणे अगदी बरोबर होते, कारण विश्रांतीतला कंप मनावर ताण आला, आकडेमोड करायला लावली किंवा कोणी रोखून पाहिले की वाढतो. पण माझी नजर हाताकडेच जाई. एकूण सव्वा तास लागला. उजवीकडचा उंबरठा पुन्हा निराळा निघाला. प्रत्यक्ष उपचारात त्या-त्या बाजूच्या उंबरठ्याच्या ९० टक्के तीव्रता ठेवायची होती.

उपचार दहा दिवसांचा, आठवड्यातले पाच दिवस असे दोन आठवडे. चार सेकंदांत ४० स्पंदे, म्हणजे सेकंदाला दहा, मग २६ सेकंदांची उसंत; असे २५ वेळा डावीकडे आणि २५ वेळा उजवीकडे. एका बैठकीत दोन हजार स्पंदे, आणि तयारीसह साधारण पाऊण तास. सेकंदाला पाच किंवा अधिक स्पंदे दिली तर मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनक्षमता साधारणपणे वाढते आणि सेकंदाला एक किंवा कमी दिली तर घटते, असा ढोबळ नियम आहे. माणसागणिक तो मोडतोही.

अनुभूती कशी होती, असे मला सगळे विचारतात. कानात बोळे घातलेले असूनही आवाज मोठा वाटतो. लाकडावर सुतारपक्षी चोच मारतो तसा, पण अधिक कोरडा. टाळूवर टिचक्या बसतात. कॉइल थोडी पुढे सरकली की भुवई आणि पापणी फडफडते, कधी दात एकमेकांवर आपटतात. दुखते असे म्हणता येणार नाही, पण आवडत नाही. तिसऱ्या दिवशी डोके दुखले, साधी वेदनाशामक गोळी घेतल्यावर थांबले. सहाव्या दिवशी डाव्या कानातला बोळा निसटला आणि मी ओरडले. त्या मुलीने क्षणात पायाने कळ दाबून यंत्र थांबवले आणि बोळा पुन्हा बसवून मगच पुढे नेले. आठव्या दिवशी घामाने टोपीवरची खूण पुसट झाली, तेव्हा तिने अंदाजाने न चालवता सगळी मापे नव्याने घेतली. उशीर झाल्याबद्दल मी कुरकुर केली. घरी गेल्यावर त्याची मला लाज वाटली, कारण कॉइल सेंटिमीटरभर सरकली तर उद्दीपन दुसऱ्याच जागी होते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वारासाठी मी लोकांना आयुष्यभर छळले आहे.

प्रतीक्षाकक्षात एक निवृत्त शिक्षक भेटत. तिसऱ्या दिवशीच ते म्हणाले, ‘मला पन्नास टक्के फरक आहे.’ पाचव्या दिवशी ते सत्तरवर पोहोचले. ते हात पुढे करून दाखवीत, आणि खरोखरच त्यांचा हात पूर्वीपेक्षा स्थिर दिसे. मी घरी येऊन टेबलावर हात ठेवी आणि पाहत बसे. माझा हात पूर्वीसारखाच हलत होता. रोज रात्री मी वहीत टिपण लिहीत असे आणि प्रत्येक टिपणाचे पहिले वाक्य एकच होते: कंपात फरक नाही. नवव्या दिवशी मी लिहिले, ‘मला लुटुपुटूचे मिळाले, हे उघड आहे.’

दहावी बैठक संपल्यानंतर पुन्हा ‘ऑफ’मध्ये मोजमाप झाले. त्याआधी एक प्रश्नावली भरून घेतली: आपल्याला कोणते उद्दीपन मिळाले असे वाटते? मी ठामपणे ‘लुटुपुटूचे’ यापुढे खूण केली. शुभंकरासाठी वेगळी प्रश्नावली होती. पतींनी ‘खरे’ यापुढे खूण केली. बाहेर आल्यावर मी त्यांना जवळजवळ रागानेच विचारले, ‘अहो, कशावरून?’ ते म्हणाले, ‘अगं, गेल्या चार रात्रींत तू मला एकदाही उठवलं नाहीस.’

मला हे आठवतच नव्हते. रात्री कूस बदलता आली, म्हणून जागच आली नव्हती; जी गोष्ट घडली नाही तिची नोंद मी ठेवणार कशी? घरी येऊन मी वही काढली. आजवर मी त्या वहीत काय लिहिले आहे तेच वाचत होते, कसे लिहिले आहे हे पाहिलेच नव्हते. पहिल्या दिवसाचे टिपण चौथ्या ओळीपासून इतके बारीक झाले होते की शेवटची ओळ मलाच लागेना. सातव्या दिवसापासून अक्षर लहानच होते, पण ते पानाच्या तळापर्यंत साधारण तितकेच लहान राहिले होते. शिरोरेषा सरळ होती आणि ‘कंपात फरक नाही’ यातला शेवटचा ‘ही’ सुस्पष्ट वाचता येत होता.

मोजमापात माझे गुण ३८ वरून ३२ वर आले होते आणि उठून-चालून-बसणे २१ वरून १७ सेकंदांवर. सुधारणा जाणवण्याजोगी म्हणण्यासाठी सव्वातीन गुणांच्या आसपास फरक पुरेसा मानतात. कंपाचे गुण जिथे होते तिथेच राहिले. उतरले होते ते बोटांचे, मुठीचे, खुर्चीतून उठण्याचे आणि चालण्याचे. म्हणजे माझे निरीक्षण खोटे नव्हते. कंपात खरोखरच फरक नव्हता.

महिन्याभराने गुण ३४ झाले. तोवर मधूनमधून रात्री पतींना हाक मारणे सुरू झाले होते. तीन महिन्यांनी ३८. ज्या अंकापासून निघालो त्याच अंकावर परत. त्या दिवशी तोच आकडा ऐकून मला रडू आले, आणि डॉक्टरांनी हे अपेक्षितच होते, असे सांगितल्याने ते थांबले नाही. उद्दीपनाचा परिणाम काही आठवडे टिकतो आणि मग ओसरतो, हे संमतिपत्राच्या पाचव्या पानावर छापलेले होते. मी ते वाचले होते, त्यातली जोडाक्षराची एक चूकही काढली होती.

साऱ्यांच्या बैठका संपून आकडेमोड पुरी झाल्यावर, जवळपास सव्वा वर्षाने, मला पत्र आले. मला खरे उद्दीपन मिळाले होते. पतींनी ‘मी म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेने पाहिले. ते शिक्षकही मला पुढे भेटले. त्यांना लुटुपुटूचे मिळाले होते. त्यांचे सत्तर टक्के दोन महिन्यांतच ओसरले होते आणि ते काहीसे ओशाळले होते. तसे वाटण्याचे काही कारण नव्हते, हे मी त्यांना सांगितले. त्यांचा हात स्थिर झालेला मी डोळ्यांनी पाहिला होता. जपानमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १०६ रुग्ण होते. तिथेही लुटुपुटूच्या गटात सुरुवातीला सुधारणा दिसली होती आणि नंतर ती मावळली. सेकंदाला एक स्पंद मिळालेल्या गटाची सुधारणा मात्र विसाव्या आठवड्यातही दिसत होती. त्या चाचणीत उद्दीपनाची जागा आणि वेग माझ्याहून वेगळे होते, त्यामुळे तो आकडा मला लागू होत नाही. पण पहिल्या पंधरवड्याच्या फरकावर कोणी किती विसंबावे, हे त्यातून कळते.

माझ्या सहा गुणांचेही तेच. पत्रात ‘खरे’ लिहिले आहे म्हणून ते सहाच्या सहा गुण कॉइलचे, असे मी म्हणू शकत नाही. दोन आठवडे रोज वेळेवर उठणे, चालत जाणे, कोणीतरी लक्ष देऊन पाहणे, यांचाही त्यात वाटा असेल. ‘ऑफ’ची प्रत्येक सकाळ सारखी नसते. एका रुग्णाच्या वहीवरून यातले काय कशामुळे झाले हे ठरत नाही. ते ठरते गटांच्या तुलनेवरून, आणि तिथे आजचे चित्र असे आहे: युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सवर जलद उद्दीपन केल्यास हालचालींत सुधारणा ‘संभाव्य’ मानली आहे, आणि पार्किन्सन्ससोबत येणाऱ्या नैराश्यासाठी कपाळाच्या डाव्या बाजूच्या जलद उद्दीपनालाही तेवढीच श्रेणी दिली आहे. ‘निश्चित’ ही त्याहून वरची श्रेणी यांपैकी कशालाच नाही. अमेरिकेत २००८ साली नैराश्यासाठी टीएमएसला मान्यता मिळाली, तिचा दाखला पार्किन्सन्ससाठी देता येत नाही. तसा तो देणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत आणि ‘आजार मुळापासून’ हे शब्द दिसले की माझा हात लाल पेन्सिलीकडे जातो. घरच्या घरी डोक्याला लावायच्या बॅटरीच्या पट्ट्यांचेही तेच. एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह ओल्या स्पंजातून वीसेक मिनिटे देण्याची टीडीसीएस ही पद्धत संशोधनात गांभीर्याने वापरली जाते, पण स्पंज कुठे ठेवायचा आणि प्रवाहाची दिशा कोणती, यावर मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनक्षमता वाढेल की घटेल हे अवलंबून असते. ते काम स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून करण्याचे नाही.

आता पुढच्या अभ्यासासाठी माझे नाव घेतले आहे. दहा बैठकांनंतर महिन्यातून काही बैठका देत राहिल्या तर परिणाम टिकवता येतो का, हे त्यात पाहायचे आहे, आणि पुन्हा खरे की लुटुपुटूचे हे मला कळणार नाही. वही नवी घेतली आहे. तिच्यात रोज एकच वाक्य, तेच, सहा ओळी लिहायचे आणि वाचायचे नाही, असे ठरवले आहे. सहाव्या ओळीची उंची पती पट्टीने मोजतील. रात्री मी त्यांना किती वेळा उठवले, हा रकानाही त्यांच्याच हातात आहे. कंपाचा रकाना मी आखला होता, तो त्यांनी खोडरबराने पुसून टाकला.